हौदात पाणी होतं

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या मागच्या दोन खोल्यांचं प्लास्टर अजून ओलं होतं. खोल्या बांधल्या होत्या दिराच्या लग्नासाठी. दिराला पुण्याला नोकरी लागली, तो तिकडेच राहिला आणि खोल्या रिकाम्या पडल्या. तोवर गावात उस्मानाबादहून, नांदेडहून, बीडहून कारकून, नाझर, शिपाई यायला लागले होते. नवी कचेरी, नवं कोषागार, नवी जिल्हा परिषद. माणसं आधी आली, घरं मागून बांधली गेली. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की आमच्या गल्लीतून पांढऱ्या शर्टातली दोन-तीन माणसं तरी दारं बघत जायची. ‘खोली आहे का?’ हा प्रश्न त्या वर्षी ‘पाऊस झाला का?’ इतकाच ऐकू यायचा, आणि दोन्हींचं उत्तर बहुतेक ‘नाही’च असायचं.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत गणित शिकवत होते, अजूनही शिकवते. नवरा बाजार समितीत. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई, अशी घरात पाच माणसं. भाडेकरू बघायचं काम माझ्याकडे आलं, कारण नवऱ्याच्या मते मी पद्धतशीर होते. मलाही तसंच वाटायचं.

शेजारच्या काकूंच्या घरी आठ वर्षं भाडेकरू होते. त्यांनी मला सल्ला दिला, ‘‘आधी पाहुणे कुठले ते इचार. बाकी समदं त्यात येतंय.’’

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही म्हणून सांगते. आमच्याकडे जात कुणी सरळ विचारत नाही. गाव विचारतात, आडनाव विचारतात, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर ‘तुमचे पाहुणे कुठले?’ म्हणजे सोयरीक कोणकोणत्या गावांत झाली आहे, असं विचारतात. तीन प्रश्नांत समोरच्याला कुठं बसवायचं ते ठरतं. विचारणाऱ्याला वाटतं, मी तर काहीच वावगं विचारलं नाही. उत्तर देणाऱ्याला पहिल्या प्रश्नापासून कळलेलं असतं.

मला हे पटत नव्हतं. वर्गात मी मुलांना एका रांगेत बसवत होते. मी काकूंना म्हणाले, ‘‘मी नाही विचारणार. मोजता येतं तेवढंच विचारणार.’’

‘‘मास्तरीणबाई,’’ काकू हसल्या, ‘‘माणूस काय मापानं मोजशील?’’

पण त्या वर्षी खरंच मोजण्यासारखी एक गोष्ट होती, ती म्हणजे पाणी. दोन पावसाळे कोरडे गेले होते. गल्लीतला आड आटला होता. नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं, तेही पाऊण तास. आमच्या अंगणात सिमेंटचा हौद होता. तो मी एकदा बादलीनं मोजून भरला होता. एकशे चार बादल्या. चार दिवसांना एकशे चार म्हणजे दिवसाला सव्वीस. आम्हा पाच जणांना, धुणंभांडी धरून, सोळा लागायच्या. माणशी तीन आणि वर एक. उरल्या दहा. तेव्हा तीन माणसांचं कुटुंब आमच्या घरात बसत होतं, चौथ्याला जागा नव्हती. हा हिशेब मी वहीत लिहिला आणि मला फार बरं वाटलं. हा नियम कुणालाही, कधीही दाखवता आला असता.

पहिल्या पंधरवड्यात अकरा जण आले. एकाचे सहा भाऊ शिकायला यायचे होते. एकाला खोलीत पिठाची चक्की बसवायची होती. एक साहेब तर स्वतः न येता शिपायाला पाठवून ‘खोली ताब्यात घ्या’ म्हणाले. सगळ्यांना मी वही समोर धरून नाही म्हटलं आणि कुणालाही राग आला नाही. पाण्याचं कारण त्या साली सगळ्यांना कळायचं.

बारावा माणूस आला तो रविवारी सकाळी. सायकल भिंतीला लावली, दाराबाहेर चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. सासूबाई ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या.

‘‘ताई, खोल्या हायेत म्हणं भाड्यानं?’’

‘‘आहेत. माणसं किती?’’

‘‘आम्ही दोघं आणि बाळ. बाळ पाच महिन्यांचं. मी कोषागारात हाय, नांदेडहून बदलून आलो. घरच्या बाई मोठ्या दवाखान्यात सिस्टर हायेत. त्यांची बी बदली करून घेतली, लई खटपट केली.’’

तीन. मी मनात बरोबरची खूण केली.

‘‘नांदेडला कुठं?’’ मी विचारलं. हा प्रश्न मी आडून विचारला नव्हता. माझं माहेर नांदेडचं.

‘‘राहायला नदीकडं. गाव तसं इस्लापूर, किनवटकडचं.’’

मी माझ्या माहेरची गल्ली सांगितली. त्याचा चेहरा उजळला. ‘‘मंग तुम्ही आमच्या गावच्या निघाल्या की! तिथल्या कोपऱ्यावर भजेवाला हाय बघा, अजून तसाच भांडून राहिला गिऱ्हाइकांशी.’’ मीही हसले. तो भजेवाला माझ्या वडिलांशी रोज भांडायचा. दुष्काळात माहेरच्या माणसानं अंगणात येऊन नदीचं नाव घेतलं, याचंसुद्धा मला सुख वाटलं.

मग त्यानं अडचण सांगितली. नऊ घरं बघून झाली होती. खोल्या मिळत होत्या त्या नाक्याच्या पलीकडे. सिस्टरना आठ तासांची ड्यूटी आणि मधे अर्ध्या तासाची सुट्टी. दवाखान्याजवळ घर मिळालं तर त्या सुट्टीत येऊन बाळाला पाजून परत जाता येईल. लांब मिळालं तर बाळाला नांदेडला आजीजवळ ठेवावं लागेल, वरच्या दुधावर. ‘‘वरचं दूध त्याला पचत न्हाई, ताई. दोनदा बघितलं. तुमचं घर दवाखान्याच्या फाटकापासून मोजलं मी. सहाशे चाळीस पावलं.’’

पावलं मोजणारा माणूस मला आवडला. मी त्याला खोल्या दाखवल्या. त्यानं कडी लावून पाहिली, छताकडे पाहिलं, न्हाणीचं पाणी कुठं जातं ते विचारलं. असे प्रश्न चांगला भाडेकरूच विचारतो.

सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, ‘‘तान्हं लेकरू हाय त्याचं. देऊन टाक की.’’

मी भाडं सांगितलं, तो हो म्हणाला. कधी येणार ते ठरायचंच बाकी होतं. तेव्हा त्यानं आणखी एक गोष्ट विचारली.

‘‘ताई, सामान लई न्हाई. एक ट्रंक, भांडीकुंडी, पाळणा. बुद्धांचा एक मोठा फोटो हाय, चौकटीचा. भिंत नवी हाय तुमची, म्हणून आधी विचारतो. एक खिळा मारला तर चालंल ना?’’

अकरा जणांपैकी कुणीही खिळ्याची परवानगी मागितली नव्हती.

मी काय केलं ते जसंच्या तसं लिहिते. मी आधी सासूबाईंकडे पाहिलं. त्या तूर निवडतच होत्या, मान वर केली नाही. मग मी हौदाकडे पाहिलं. माझ्या मनात कुठलाही मोठा विचार आला नाही. शेजारच्या काकू आल्या, की चहा घ्यायच्या आधी मागच्या दाराकडे बघतील, एवढं दिसलं. श्रावणात सत्यनारायणाला कोण येईल आणि कोण येणार नाही, हे दिसलं. आणि हौदात कुणाची बादली बुडणार, हेही दिसलं. ही शेवटची गोष्ट लिहिताना हात थांबतो, पण ती मला दिसली होती.

‘‘चालेल हो,’’ मी म्हणाले, ‘‘खिळ्याचं काही नाही. पण मला पाण्याची काळजी वाटते. हौद आमच्या पाच जणांनाच पुरत नाही. तिसऱ्या दिवशी तळ दिसतो.’’

तो हौदाकडे वळला. झाकण बंद होतं. उघडून बघणं त्याला बरं वाटलं नसावं.

‘‘पाण्याचं मी बघतो की,’’ तो म्हणाला. ‘‘कचेरीत टाकी हाय. सायकलला दोन डबे बांधून रोज आणत जाईन. तुमच्या हौदाला आम्ही हात बी लावणार न्हाई.’’

तो हे सहज म्हणाला की कळून म्हणाला, ते मला आजही ठरवता येत नाही.

‘‘डब्यांनी काय होणार? तान्ह्या बाळाचं धुणं असतं. उद्या तुमचीच पंचाईत व्हायची, आणि मला वाईट वाटायचं.’’

‘‘तेही खरं हाय,’’ तो म्हणाला. ‘‘ताई, तुम्ही मोकळं सांगितलं ते बरं केलं.’’ त्यानं चपला घातल्या, सासूबाईंना नमस्कार केला आणि सायकल हातात धरूनच गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला.

सासूबाईंनी सुपातले खडे बाजूला काढले. ‘‘पाणी तर हाय की गं हौदात.’’

‘‘पुरायचं नाही.’’

‘‘कालच तर म्हणत हुतीस, तीन माणसं बसतेत म्हणून.’’

‘‘बाळाचं धुणं धरलं नव्हतं.’’

त्यांनी सूप पुन्हा पाखडायला घेतलं. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले, की मी सासूबाईंमुळे नाही म्हटलं, जुनं माणूस, त्यांना चाललं नसतं. खरं असं, की मी त्यांना विचारलंच नाही. त्यांना चाललं असतं की नसतं, हे आमच्या घरात कधी तपासलं गेलं नाही. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. ‘‘बरं केलंस,’’ तो म्हणाला आणि रेडिओवर बातम्या लावल्या. त्यानंही काही विचारलं नाही. आमचं घर असं एका शब्दाचंही भांडण न होता चाललं होतं.

आठवड्यानं उदगीरकडचं एक कुटुंब आलं. मी पाहुणे विचारले नाहीत. त्यांनीच दारात सांगितले आणि ते सासूबाईंच्या माहेरच्या नात्यातले निघाले. नवरा, बायको, तीन मुलं आणि नवऱ्याची आई. सहा माणसं. सहा त्रिक अठरा. अठरा आणि सोळा चौतीस. हौद सव्वीसचा. हे गणित चौथीतल्या पोराला येतं. मी वही काढलीच नाही. चावी दिली.

माणसं वाईट नव्हती. भाडं वेळेवर देत होती. पण हौद खरोखरच तिसऱ्या दिवशी रात्री तळाला लागायला लागला. चौथ्या दिवशी पहाटे मी आणि ती बाई कळशा घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या बोअरवर रांगेत उभ्या राहत होतो. मी त्या माणसाला जे खोटं सांगितलं होतं, ते दोन महिन्यांत मी स्वतःच खरं करून ठेवलं. रांगेत उभं राहून मला कधीकधी वाटायचं, झाली शिक्षा. पण तसं नव्हतं. पाणी भरून मी घरी येत होते, माझी मुलं घरी होती.

दिवाळीत मी माहेरी निघाले. लातूर-नांदेड गाडीला मरणाची गर्दी. मुलांना पुढं ढकलून मी चढले, तर खिडकीजवळून कुणीतरी हात वर केला. ‘‘ताई, इकडं या, इकडं.’’

तोच होता. उठला आणि मला बसवलं. माझ्या धाकटीला मांडीवर घेतलेल्या म्हातारीला म्हणाला, ‘‘आमच्या गावच्या हायेत ह्या.’’ त्याच्या हातात कापडी पिशवी होती, वर खुळखुळ्याची दांडी दिसत होती. मी काय ते समजले, तरी विचारलं.

‘‘बाळ?’’

‘‘नांदेडला, आजीपाशी. मी शनवारी जातो. सिस्टरना सुट्टी मिळंल तशा त्या. एका हप्त्याला मी, एका हप्त्याला त्या. दोघं मिळून जायचं जमत न्हाई.’’

‘‘दूध पचतं का आता?’’

‘‘शेळीचं दिलं, ते पचून राहिलं.’’ मग त्यानं मला विचारलं, अगदी काळजीनं, ‘‘तुमच्या हौदाचं काय झालं? भागतंय का आता?’’

गाडी अहमदपूरच्या पुढं जाईपर्यंत मी त्याला पाण्याच्या अडचणी सांगत होते. बोअरची रांग, चौथ्या दिवसाची पहाट. प्रत्येक शब्द खरा होता. तो ‘अरे राम’, ‘अरे राम’ करत होता. लोह्याला त्यानं मुलांसाठी पेरू घेतले आणि मी ते घेतले.

त्यानंतर तो मला भेटला नाही. गाव वाढलं, पावसाची वर्षं आली, पुन्हा गेली. उदगीरची माणसं चार वर्षं राहिली, मग दुसरी आली, तिसरी आली. किल्लारीच्या भूकंपानंतर लोक दगडी घरांना घाबरून आमच्या सिमेंटच्या खोल्या मागायला लागले. चांगले भाडेकरू मिळवण्यात माझं नाव झालं होतं. गल्लीतल्या बायका मला विचारून भाडेकरू ठेवायच्या.

भूकंपानंतर दोन-एक वर्षांनी सासूबाई न्हाणीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मोठ्या दवाखान्यात एकोणीस दिवस होत्या. त्या वॉर्डाच्या सिस्टर पंचेचाळिशीच्या आतल्या, उंच, बोलायला मोकळ्या. सासूबाईंना त्या ‘आजी, आता नवरीसारखं हळू उठायचं’ म्हणायच्या, आणि सासूबाई ‘नवरी व्हते तवा बी आसं कुणी म्हणलं न्हाई’ म्हणून हसायच्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते. त्या सांगितलेल्या वेळेला हजर असायच्या. मी घड्याळ बघत होते. एकदाही चुकल्या नाहीत.

सहाव्या दिवशी त्यांनी केसपेपरवरचा पत्ता वाचला.

‘‘ह्या गल्लीत तुम्ही? अंगणात हौद असलेलं घर माहीत हाय का तुम्हाला? एक शाळेतल्या ताई होत्या, माहेर नांदेडचं.’’

‘‘मीच ती,’’ मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

‘‘अगं बाई!’’ त्या खाटेच्या कडेला टेकल्या. ‘‘आमच्या घरी तुम्हाला हौदवाल्या ताई म्हणतेत. मी कधी पाहिलंच नव्हतं.’’

त्या दिवसापासून माझ्यासाठी ड्यूटीवरच्या चहातला अर्धा कप यायला लागला. दुपारी वॉर्ड शांत झाला की त्या व्हरांड्यात बाकावर बसून पट्ट्यांसाठी जाळीचं कापड कापायच्या आणि घड्या घालायच्या. मी घड्या घालू लागायची. आठ पदरी, चौकोनी, कडा आत. माझ्या घड्या सारख्या यायच्या म्हणून त्या कौतुक करायच्या.

बोलता बोलता त्यांनी मुलाचं सांगितलं. आता तो सहावीत होता आणि इथंच होता. तीन वर्षांचा होईपर्यंत नांदेडला होता. ‘‘आजीला आई म्हणायचा. मला काय म्हणायचा सांगू? सिस्टर! ह्यांचं ऐकून. दारात मी उभी राहिले की आत ओरडायचा, आई, सिस्टर आल्या.’’ त्या खळखळून हसल्या. ‘‘इथं आणला तेव्हा चार महिने रात्री रडायचा. आता ठीक हाय. आता तर भांडतो माझ्याशी.’’

मी घडी घालत राहिले.

तेराव्या दिवशी दुपारी त्यांनी मला विचारलं, ‘‘ताई, एक सल्ला पाहिजे. आम्ही नाक्याकडं प्लॉट घेतला होता ना, घर झालं. वर दोन खोल्या काढल्या. भाड्यानं द्यायच्या. तुम्ही इतकी वर्षं देता. माणूस कसा बघायचा?’’

‘‘कसा म्हणजे?’’

‘‘म्हणजे आम्हाला माहीत न्हाई ना. आम्ही नुसतं मागायला गेलोय, द्यायला कधी बसलो न्हाई. घरचे म्हणतेत, हौदवाल्या ताईंना विचार. त्या साली आम्ही नऊ घरं फिरलो. सगळ्यांनी आडनाव विचारलं, पाहुणे विचारले, आणि मग एकाचा भाऊ येणार होता, एकाला खोली देवाला ठेवायची होती. तुम्ही एकट्या. पाणी न्हाई म्हणून तोंडावर सांगितलं, आणि पाणी नव्हतंच. घरचे अजून म्हणतेत, न्हाई म्हणायचं तर असं म्हणावं.’’

व्हरांड्यात आणखी कुणी नव्हतं. माझ्या हातात अर्धी घडी होती. मला गप्प बसता आलं असतं. ‘माणसं किती ते बघा, नोकरी बघा’ असं सांगून मी उठले असते, तर आजही मी त्यांच्या घरी हौदवाली ताई असते. पण त्या माझ्याकडून शिकायला बसल्या होत्या. ते मला सोसलं नाही.

‘‘सिस्टर, पाणी होतं,’’ मी म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘त्या दिवशी हौदात पाणी होतं.’’

त्यांनी कात्री खाली ठेवली. ‘‘किती?’’

हा प्रश्न मी अपेक्षिला नव्हता. पण उत्तर मला पाठ होतं. ‘‘दिवसाला सव्वीस बादल्या.’’

‘‘तुम्हाला किती लागायच्या?’’

‘‘सोळा.’’

‘‘आणि आम्हाला?’’

‘‘नऊ. बाळाला पुरं माणूस धरून.’’

त्यांनी बेरीज केली. मला त्यांच्या ओठांवर ती दिसली.

‘‘एक उरत होती,’’ त्या म्हणाल्या.

‘‘हो.’’

‘‘मग काय झालं?’’

‘‘त्यांनी फोटोसाठी खिळा मारू का, म्हणून विचारलं.’’

त्यांनी समोरच्या निंबाकडे पाहिलं. म्हणाल्या, ‘‘मीच म्हणले होते त्यांना. आधी विचारा, म्हणले, लोकांची भिंत असती.’’

मी माफी मागायला लागले. मला वाटतं, मी म्हणाले, की तेव्हा मी लहान होते, घरात सासू होती, गल्ली होती. मी बत्तीस वर्षांची होते. त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही.

‘‘ताई, हे मला आज कशाला सांगितलं?’’

‘‘मनात होतं. बारा वर्षं.’’

‘‘तुमच्या मनात होतं,’’ त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. ‘‘आमच्याकडं एक घर होतं सांगायला. पोराला सांगायचो. समदेच तसे नसतेत, म्हणायचो, एक ताई होती. आता त्याला काय सांगू?’’

त्यांनी माझ्या हातातली अर्धी घडी घेतली, पुरी केली, डब्यात ठेवली आणि आत गेल्या.

उरलेले सहा दिवस कूस बदलायची वेळ एकदाही चुकली नाही. औषध वेळेवर, पट्टी वेळेवर. सासूबाईंशी चेष्टा पहिल्यासारखीच. मला मात्र त्या ‘पेशंटसोबतचे’ म्हणायला लागल्या. पेशंटसोबतच्यांनी गरम पाणी आणावं. पेशंटसोबतच्यांनी इथं सही करावी. चहा बंद झाला. तो यावा असं मला वाटतही नव्हतं.

घरी सोडलं त्या दिवशी नवऱ्यानं पेढे आणले होते. त्यानं सिस्टरांना दोनदा हात जोडले. ‘‘सिस्टर, सवडीनं घरी या एकदा. सगळ्यांना घेऊन या.’’ त्याला काही माहीत नव्हतं. त्यांनी एक पेढा घेतला, तो सासूबाईंच्या तोंडात घातला आणि म्हणाल्या, ‘‘आजी, खुर्चीवर बसूनच अंघोळ करायची, विसरायचं न्हाई.’’

रिक्षात सासूबाईंना आडवं धरून बसलो होतो. नवरा म्हणाला, ‘‘किती चांगली बाई. आपल्या खोल्यांना अशी माणसं मिळाली पाहिजेत.’’

तेव्हा मी त्याला सांगितलं. कोषागारातला माणूस, बाळ, दवाखान्यापासूनचं अंतर, खिळा, सगळं. त्याला तो माणूस आठवेना. ‘बरं केलंस’ म्हटल्याचंही आठवेना. सासूबाईंना आठवलं. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून म्हटलं, ‘‘मी म्हणले व्हते, पाणी हाय म्हणून.’’ आणि थोड्या वेळानं, ‘‘पर मी बी मंग गप बसले.’’

नवरा म्हणाला, ‘‘तेव्हा सगळेच तसं करत होते.’’

दवाखान्यात जाऊन एकदा नीट बोलावं, असं मी पुढं दोन वेळा ठरवलं आणि फाटकापर्यंत जाऊन परत आले. पुन्हा त्यांच्यासमोर उभं राहून मी काय मागणार होते? क्षमाच मागितली असती, आणि तीही त्यांनीच द्यायची होती. मधे कळलं, की त्यांच्या वरच्या खोल्या एका पोस्टातल्या कुटुंबाला दिल्या. कोणतं कुटुंब, काय बघून दिल्या, ते मी कुणाला विचारलं नाही. आमच्या मागच्या खोल्या या मार्चपासून रिकाम्या आहेत. गल्लीतली एक सून परवा आली आणि म्हणाली, ‘‘बाई, तुम्हाला मिळाले तसे चांगले भाडेकरू आम्हाला कसे मिळतील?’’ तिला मी हे सगळं सांगायला सुरुवात केली. ती थोडा वेळ ऐकत होती, मग दूध उतू जाईल म्हणून उठून गेली.